सॉसेज ग्रेव्ही, तिसऱ्या खेपेला जमली एकदाची

अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला राहायला आलो तेव्हा 'बिस्किट्स अँड ग्रेव्ही' हे नाव पहिल्यांदा ऐकलं आणि माझ्या डोळ्यापुढे सरळ पार्लेजी आणि मटणाचा रस्सा आला, हसू नका. इथलं बिस्किट म्हणजे मऊ, पापुद्रे सुटणारा खारा पाव, आणि ग्रेव्ही चक्क पांढरी, पतंगाला कागद चिकटवायची खळ असते ना तशी दिसते. खाल्ली आणि गप्प बसलो.

मग घरी करायची हौस. इथे ब्रेकफास्ट सॉसेज १ पौंडाच्या रोलमध्ये मिळतं, वर आवरण वगैरे काही नाही, डुकराचा खिमाच तो, त्यात मिरी आणि सेज नावाचा पाला. परतला, भरपूर चरबी सुटली, आणि मी शहाणपणा करून सगळी ओतून दिली, कोलेस्टेरॉल हो! वर मैदा भुरभुरला तर तो खिम्याला कोरडाच चिकटला आणि दूध ओतल्यावर ह्या एवढाल्या गुठळ्या. बायको डोकावून म्हणाली, "पिठलं बिघडलं का रे?" दुसऱ्या खेपेला चरबी ठेवली पण चांगली दाट होऊ दे म्हणून आटवत बसलो, ताटात येईपर्यंत सिमेंट.

शेवटी शेजारच्या आजींना विचारलं, त्यांचा जन्म इथलाच. त्या म्हणाल्या चरबी टाकलीस म्हणजे ग्रेव्हीच टाकलीस की, मैदा भाजणार कशात? आणि खरंय, आपण शिऱ्याला रवा तुपाशिवाय भाजतो का. स्वतःची बिडाची कढई घेऊन आल्या, खिमा तळाला चिकटून तपकिरी होईपर्यंत हलवूच दिला नाही मला, मग पाव कपाहून जरा जास्त मैदा, दोन मिनिटं परतून कच्चा वास गेला की फुल फॅट दूध, ३ कप, पण आधी थोडंसंच, ते एकजीव झालं की पुढचं, आणि तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्यायचं, चव तिथेच असते. चमच्याने कढईत रेघ ओढली की ती क्षणभर टिकून मग भरून येते, तेव्हा गॅस बंद. थोडी पातळच वाटते पण खाली उतरवल्यावरही आळत राहते, माझं दुसऱ्यांदा तिथेच चुकलं होतं. मिरी मात्र हात सैल सोडून, जाडसर कुटलेली. मीठ सगळ्यात शेवटी चाखून, सॉसेजात असतंच.

हिला जुनी माणसं सॉमिल ग्रेव्ही म्हणतात, लाकूड कापणाऱ्या कामगारांच्या कॅम्पातलं खाणं म्हणे. बिस्किटांसाठी आजींना व्हाइट लिलीचाच मैदा लागतो, १८८३ मध्ये नॉक्सव्हिललाच सुरू झालेली कंपनी ही, त्यामुळे अभिमान वेगळाच. मऊ गव्हाचा असल्याने बिस्किटं हलकी होतात, हे मात्र मला पटलं.

गोव्याचा मित्र म्हणतो चोरीस, म्हणजे त्यांच्याकडचं सॉसेज, घालून बघ. अरे त्यात व्हिनेगर, दूध फाटेल की!

उरलेली फ्रिजमध्ये थिजून बसते, थोडं दूध घालून मंद गॅसवर ढवळली की परत येते. परवा मी ती चपातीबरोबर खाल्ली. आजींना सांगितलेलं नाही.