साडेसहानंतर आजारी पडायचं नाही

आम्ही राहतो त्या इंग्लंडमधल्या लिंकनशायरमधे ग्रँथम म्हणून एक गाव आहे, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं म्हणा. न्यूटन इथल्या शाळेत शिकला आणि मार्गारेट थॅचरच्या वडलांचं इथे किराणा दुकान होतं, या दोन गोष्टी कुणीही पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळं होतं. तिसरी गोष्ट हॉस्पिटलची, ती एकदा सुरू झाली की अर्धा तास गेलाच समजा, चहा गार होतो पण माणूस थांबत नाही.

झालं असं, की ऑगस्ट 2016 मधे तिथलं ए अँड ई, आपण कॅज्युअल्टी म्हणतो ते, रात्रीचं बंद केलं. संध्याकाळी साडेसहाला दार बंद, ते थेट सकाळी नऊला उघडणार. तीन महिन्यांपुरतं आहे म्हणाले. आम्ही तेव्हा इथे नवीनच होतो आणि मला पहिल्यांदा वाटलं की मला इंग्रजी नीट कळलं नाही बहुतेक, कारण कॅज्युअल्टीला वेळ असते ही कल्पनाच डोक्यात बसेना, दात आणि डोळे तपासायला वेळ असते, छातीत कळ यायला कसली वेळ!

कारण साधं होतं, डॉक्टर नाहीत. एकाच ट्रस्टकडे (म्हणजे हॉस्पिटलं चालवणारी सरकारी संस्था) ए अँड ई असलेली तीन हॉस्पिटलं, लिंकन, बॉस्टन (अमेरिकेतलं नाही हो, मूळचं इथलंच) आणि ग्रँथम. तिन्हीकडे मिळून रात्रपाळ्या ओढणारे जे मधल्या फळीतले डॉक्टर लागतात ते हवे त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते, बाकी सगळा गाडा लोकमवर, म्हणजे तात्पुरत्या बदली डॉक्टरांवर. मग तीन ठिकाणी अर्धवट माणसं ठेवण्यापेक्षा दोन ठिकाणी पुरेशी ठेवू, आणि तिघांत सगळ्यात लहान कोण तर ग्रँथम. त्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक, मोठे अपघात वगैरे पेशंट ग्रँथमला आधीपासूनच नेत नव्हते, अॅम्ब्युलन्स त्यांना परस्पर मोठ्या हॉस्पिटलात न्यायची.

कागदावर यात चूक काढता येत नाही, खरंच. दमलेल्या एकट्या डॉक्टरच्या हाती रात्रीचं अख्खं डिपार्टमेंट देण्यापेक्षा बंद केलेलं बरं, हे मलाही पटतं.

पण ग्रँथमहून लिंकन 40-45 किलोमीटर, बॉस्टन त्याहून लांब, नॉटिंगहॅमही तेवढंच. रस्त्यांना बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंना एकेकच लेन, हंगामात पुढे ट्रॅक्टर, हिवाळ्यात धुकं असं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही. रात्री बस नाही. माझ्या ओळखीच्या एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, गाडी चालवणं सोडलेलं, त्या म्हणाल्या, अॅम्ब्युलन्सने जाईन गं मी, पण पहाटे तीनला तिथून डिस्चार्ज दिला तर परत कशी येऊ? टॅक्सीचं भाडं पेन्शनीत कुठे बसतं. हा परतीचा प्रश्न सगळ्या मीटिंगांत कुणी विचारला असेल असं मला नाही वाटत. जायचं कसं यावरच सगळे बोलत होते.

लोक चिडले ते असे चिडले की मला नवल वाटलं, कारण इंग्रज माणूस रांगेत उभा राहून पण सॉरी म्हणतो. मोर्चे निघाले, पाट्या घेऊन म्हातारी माणसं, बाबागाडीतली पोरं, सह्यांची मोहीम, दुकानांच्या काचांवर पोस्टर. भीती फक्त रात्रीची नव्हती. शेजारच्या नेवार्कचं ए अँड ई 2011 मधे गेलं होतं आणि तिथे छोट्या दुखापतींचं सेंटर उरलं होतं, ते सगळ्यांनी बघितलेलं. आधी रात्र जाणार मग दिवस जाणार, असंच जो तो बोलत होता.

आणि तीन महिन्यांचं काय झालं? 2017 च्या मार्चमधे सकाळी नऊच्या ऐवजी आठला उघडायला लागलं, एवढाच काय तो फरक. पुढे डॉक्टरांची भरती बऱ्यापैकी झाली, लोकांना वाटलं आता उघडणार, तर बाहेरच्या तज्ज्ञांनी सल्ला दिला की रात्री उघडू नका, ते सुरक्षित होणार नाही. म्हणजे डॉक्टर नाहीत म्हणून बंद केलं आणि डॉक्टर मिळत आले तर कारण बदललं. माझा राग खरा इथे आहे. बंद केलं ते सोडा, पण काय झालं की उघडणार ते आधी ठरवा आणि मग त्याला धरून तरी रहा ना.

मग 2020 ला कोविड, तेव्हा ए अँड ईच काढून चोवीस तासांचं अर्जंट ट्रीटमेंट सेंटर केलं, म्हणजे तातडीचं पण जिवावरचं नाही अशा दुखण्यांसाठी. त्यावरून केस झाली, 2021 मधे हायकोर्टाने सांगितलं की लोकांना न विचारता हे केलं ते बेकायदेशीर. ए अँड ई परत आलं, पण दिवसापुरतंच. शेवटी ऑक्टोबर 2023 पासून पक्कं चोवीस तासांचं अर्जंट ट्रीटमेंट सेंटर झालं, आता रात्री दार उघडं असतं. पण ते ए अँड ई नाही. निम्मे लोक म्हणतात चला काहीतरी मिळालं, निम्मे म्हणतात पाटी बदलून आम्हाला गप्प केलं, आणि माझं मत दर आठवड्याला बदलतं.

आपल्या ओळखीतला एक मुलगा, महाराष्ट्रातून एमबीबीएस करून प्लॅब (बाहेरच्या डॉक्टरांना इथे काम करायला द्यावी लागते ती परीक्षा) देऊन आलेला, दुसऱ्याच एका मोठ्या हॉस्पिटलच्या ए अँड ईमधे रात्रपाळ्या करतो. त्याला हे सांगितलं तर तो हसला, म्हणाला, ताई, एकीकडे दार बंद झालं की ते पेशंट गायब होत नाहीत, माझ्या कॉरिडॉरमधे ट्रॉलीवर येतात. गावी माझ्या मामांच्या तालुक्यात ग्रामीण रुग्णालयावर चोवीस तास सेवा अशी भली मोठी पाटी आहे आणि रात्री गेलं की सिस्टर सांगते जिल्ह्याला न्या. इथे निदान वेळ कमी केली तर तसं छापून लावतात, म्हणून मोर्चा तरी काढता येतो. आपल्याकडे पाटीवर काही बदलतच नाही, मोर्चा कशाच्या विरोधात काढायचा?

असो. या भागात नवीन आलेल्या मराठी मंडळींसाठी: छातीत दुखणं, चेहरा वाकडा होणं, श्वास लागणं असं काही असेल तर गाडी काढून ग्रँथमला जाऊ नका, सरळ 999 ला फोन लावून अॅम्ब्युलन्स बोलवा. काय करावं कळत नसेल तर 111, हा सल्ल्याचा फोन. हात मुरगळला, टाके घालायचे, पोराला ताप आहे तर ग्रँथमला रात्रीही जा, बघतात. आणि कुणाचे आईवडील भारतातून आलेले असतील तर औषधांची यादी इंग्रजीत लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा, ऐन वेळी पिवळी गोळी सकाळची आणि पांढरी रात्रीची यातून कुणालाच काही कळत नाही.