मावशीच्या हातची आंबील

३० सप्टेंबर

आमच्या लातूर भागात या तारखेची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही. १९९३ साली आजच्याच पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक रात्री उशिरा घरी आले आणि दमून झोपले. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडावर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं भुईसपाट झाली, जवळपास १०,००० माणसं गेली. त्यात माझी मावशी होती आणि काका होते.

आई भूकंपाचं बोलत नाही. कोण कसं सापडलं हे अण्णा कधीतरी सांगायला लागले, की ती उठून आत जाते. ती फक्त मावशी कशी होती ते सांगते. भाकरी परातीएवढी थापायची, पण तव्यावर टाकताना कधी मोडली नाही. हसू आवरेना की पदराचं टोक दातात धरायची. पंचमीला माहेरी आली की झोक्यावरून उतरायचं नाव नाही. आणि येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात सगळं गोत जमलं की आंबील तिच्याच हातची लागायची. मी तेव्हा फार लहान होतो. माझ्याजवळ मावशी आहे ती एवढीच, आईच्या तोंडून आलेली.

आज फोनवर आई म्हणाली, "तिच्यासारखी आंबील मला अजून जमत नाही बघ. पण हे तिला कधी बोलले नाही. सख्ख्या बहिणीला कुणी असं बोलतं का?"

दिवसभर हेच डोक्यात आहे. खरंच, आपल्यात कुणी बोलत नाही. घरच्यांचे आभार मानणं म्हणजे परकेपणा, असं आपण धरून चालतो, आणि नुसतं 'थँक्यू' कोरडं वाटतं हेही खरं. पण आंबील चांगली होते हे सांगायला आभाराचे शब्द लागत नाहीत. ज्याचं जे आवडतं, तेवढंच नाव घेऊन सांगायचं. मावशीनं दिवाळीला येते असा निरोप धाडला होता. त्या संध्याकाळी आईला बोलायची घाई का वाटावी? कुणालाच वाटली नसती.

संध्याकाळी अण्णांना मुद्दाम फोन लावला. म्हटलं, "अण्णा, माझ्या दहावीला तुम्ही रोज पहाटे उठून चूल पेटवायचात, पाणी तापवून मग मला हाक मारायचात. मला ते सगळं आठवतं." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "थंडी लई असायची रे तवा." आणि त्या हिवाळ्याबद्दल बोलत राहिले, हरभऱ्याबद्दल, विहिरीवरच्या मोटारीबद्दल. एरवी आमचं फोनवरचं बोलणं पाऊस आणि तब्येत यापुढे जात नाही.

बायकोलाही ती ऑफिसातून आल्यावर काही सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

येळवशीला गावी जायचं नक्की केलंय. रजेचा अर्ज उद्याच देतो. आईला सांगून ठेवलंय, आंबील तूच करायची, जशी होईल तशी. ताईलाही कळवलंय. ताई म्हणजे मावशीची मुलगी. त्या वेळी शाळेसाठी आमच्याकडे राहायला होती, म्हणून राहिली. आमच्यातच वाढली, माझं बोट धरून मला शाळेत घेऊन गेली, आईला आईच म्हणते. तिच्याशी आईबापाबद्दल कुणी फारसं बोललेलं नाही, तिला त्रास होईल म्हणून. मला वाटतं, तिच्या आईच्या भाकरीचं, हसण्याचं, झोक्याचं तिनंही आईच्या तोंडून ऐकावं. आणि आमच्या घरात ती आहे म्हणून माझं बालपण किती भरलेलं होतं, हे मी तिला सांगणार आहे. नेमकं कसं सांगायचं ते अजून जुळवतो आहे.