बातम्या ढीगभर, स्रोत एकच: ‘हनुमान’चा तक्ता कोसळला

इंग्रजी विकिपीडियावरचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ या व्हिडिओ गेमचा मसुदा ‘मसुदा’ नामविश्वातून मुख्य नामविश्वात (म्हणजे प्रत्यक्ष लेखांत) हलवायचा बेत तूर्तास रद्द. मागच्या नोंदीत स्रोतांचा तक्ता भरगच्च दिसत होता. चाळणी लावली आणि निम्म्याहून जास्त ओळी एकाच ओळीत जमा झाल्या.

खेळाच्या तपशिलाबद्दल वाद नाही. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने तो बनवला, सोनीने २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी बाजारात आणला आणि त्या यंत्रासाठी संपूर्णपणे भारतात बनलेला पहिला खेळ म्हणून त्याची ओळख झाली. पण ‘पहिला’ या बिरुदाला जीएनजी, म्हणजे विकिपीडियाचा उल्लेखनीयतेचा सर्वसाधारण निकष, भीक घालत नाही. खेळाबद्दल सविस्तर बोलणारे, स्वतंत्र, विश्वासार्ह स्रोत हवेत आणि तेही एकाहून अधिक.

घोळ निषेधाच्या बातम्यांनी घातला. अमेरिकेतल्या एका हिंदू संघटनेने आक्षेप घेतला होता की जॉयस्टिक, बटण, कीबोर्ड नाहीतर माऊसने हनुमानाला नाचवणं हा देवाचा अपमान आहे. (प्लेस्टेशन २ वर माऊस कोण लावतं, हा प्रश्न वेगळा.) हीच चौकडी, याच क्रमाने, बातमीमागून बातमीत येते. म्हणजे मूळ प्रसिद्धिपत्रक एक, छापणारे अनेक. दहा ठिकाणी छापून आलं तरी स्रोत एकच धरायचा.

शंका असेल तर मजकुरातलं आठ-दहा शब्दांचं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. तेच वाक्य दुसरीकडे सापडलं, तर आधी वृत्तसंस्थेचं नाव बघा, मग तारीख. मथळ्यावर जाऊ नका, मथळा प्रत्येक डेस्क आपापला लावतो. वार्ताहराने स्वतःचे दोन परिच्छेद जोडले असतील तर तेवढेच मोजायचे. त्यातही ते खेळाबद्दल आहेत की आक्षेपाबद्दल, हे पाहायचं. नुसत्या आक्षेपावरची बातमी ‘वाद’ या विभागाला पुरते, अख्ख्या लेखाचं ओझं तिला पेलत नाही.

छोटा विजय: शोधाच्या निकालांतून २००५ च्या ‘हनुमान’ चित्रपटाचा कचरा एकदाचा हटला. पूर्ण नाव अवतरणात, सोबत ‘ऑरोना’, चित्रपट आणि ॲनिमेशन हे शब्द उणे चिन्हाने वगळलेले, तारीख २०१० च्या आतली. बंद पडलेल्या साइटसाठी वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं साठवणाऱ्या संग्रहात) पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ आणि तारांकन द्या, साठवलेल्या सगळ्या पानांची यादी येते. पान सापडलं की जतन दुवा त्याच बैठकीत संदर्भात घाला.

मोबीगेम्स या व्हिडिओ गेमच्या माहितीसाइटबद्दल मत तेच. समीक्षा कुठे आली याचा माग काढायला झकास, संदर्भ म्हणून शून्य, कारण मजकूर वापरकर्त्यांचा. सोनीचं निवेदनही बाद. निर्मात्यांच्या मुलाखतीत मुलाखतकाराचं स्वतःचं विवेचन असेल तर तेवढंच चालतं.

आता खरी भिस्त छापील समीक्षांवर. ‘डिजिट’ आणि ‘स्कोअर’ या तंत्रज्ञान-गेमिंग नियतकालिकांचे २००९ चे अंक अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि फोर्टच्या फुटपाथवर धुंडाळावे लागतील. लोकांनी अंकांसोबतच्या सीडी-डीव्हीडी जपल्या आणि अंक रद्दीत घातले. ज्यांचे विकिपीडियावर पाचशे बदल, सहा महिन्यांचं खातं आणि गेल्या तीस दिवसांत दहा बदल झालेत, त्यांनी विकिपीडिया लायब्ररीतून प्रोक्वेस्ट हा वृत्तपत्र-नियतकालिकांचा संग्रहही चाळावा.

हे लिहिता लिहिता दुसरी वाट सुचतेय. ‘हनुमान’, ‘देसी अड्डा’ आणि ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ असा सोनीसाठी भारतात बनलेल्या खेळांचा एकत्र लेख का नको? अडचण एकच: हे खेळ गट म्हणून एकत्र चर्चिलेले स्रोतांतच दिसायला हवेत. आपण मोट बांधली तर ते मूळ संशोधन ठरतं. तेही जमलं नाही तर भारतातल्या व्हिडिओ गेमिंगवरच्या लेखात एक परिच्छेद आणि त्याकडे पुनर्निर्देशन. बदलांचा इतिहास शाबूत राहतो, पुढे समीक्षा मिळाली की लेख पुन्हा उघडता येतो. सात दिवसांच्या एएफडीत (लेख वगळायच्या चर्चेत) घाईघाईने स्रोत गोळा करण्यापेक्षा हे परवडलं.

मसुद्यात मात्र अधूनमधून काही भर टाकत राहा. सहा महिने कुणी हात लावला नाही तर जी१३ खाली, म्हणजे पडून राहिलेले मसुदे झटपट वगळायच्या नियमाखाली, तो उडतो.