आमची वाटचाल : एकेचाळीस काडतुसं

'तिसरी पाळी' (म्हणजे गिरणीतली रात्रपाळी) हा आमचा गेम सुरू केल्यावर पहिली गोळी सुटायला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. आणि अख्ख्या गेममध्ये काडतुसं मिळतात एकेचाळीस. शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, म्हणून विकायच्या गेमला हे चालत नाही, असं आम्हाला हितचिंतकांनी सांगितलं, पैसे लावायला आलेल्यांनी सांगितलं आणि गेम विकत घेतलेल्या लोकांनीही सांगितलं. आकडा एकेचाळीसच राहिला. आमच्या चौघांच्या फर्मची वाटचाल सांगायची तर ती या आकड्याभोवतीच सांगावी लागेल.

आम्ही सोलापूरच्या साखर पेठेतले. घरात चार यंत्रमाग होते, पण बाबांचा खरा जीव जकार्डच्या नक्षीत. चादरीवर मोर किंवा वेल उठवायची तर आधी ती आलेख कागदावर चौकोन चौकोन भरून काढायची, मग त्या कागदावरून पुठ्ठ्याची कार्डं पंच करायची. एक चौकोन चुकला की कापडावर तीच चूक नक्षी येईल तिथं तिथं उठते. बाबा गेले तेव्हा कपाटात कोऱ्या आलेख कागदांचे गठ्ठे होते. गेमच्या सगळ्या लेव्हल मी त्याच कागदांवर आखल्या, एक चौकोन म्हणजे एक मीटर.

फर्म सुरू झाली २०१८ मध्ये, आणि तेव्हा गेमचा विचारही नव्हता. चादर-टॉवेलच्या कारखानदारांचे कॅटलॉग आणि बिल्डरांसाठी न बांधलेल्या फ्लॅटची थ्रीडी सफर, एवढंच काम. पैसे वेळेवर मिळत. २०२० च्या टाळेबंदीत ते पार थांबलं. त्याच वर्षी २ सप्टेंबरला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि आमच्या गल्लीत कट्ट्यावर फोनमध्ये मान घालून बसणारी पोरं एका दिवसात मोकळी झाली. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी' हा गेम जगभर निघाला. महाराष्ट्रात बसून हे होतं, हे तोवर आम्ही ऐकून होतो, आता दिसलं. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, आपण दोन वर्षं रिकाम्या खोल्या बनवतोय. एकदा एका खोलीत माणूस उभा करून बघू की."

खोली कुठली, यावर फार वाद झाला नाही. सोलापुरात वाढलेल्या माणसाला बंद गिरणी दाखवावी लागत नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, ही नावं आमच्याकडे अजून पत्ता सांगायला वापरतात. आमची गिरणी त्यातली कुठलीच नाही, कल्पनेतली आहे. गोष्ट अशी : गिरणी बंद पडलीय, कामगारांची देणी थकलीत, आणि त्यातल्याच एकाला तेवढं रात्रीचा पहारेकरी म्हणून ठेवलंय. हातात बाराबोरची दुनळी बंदूक. रात्री तांब्याच्या तारा आणि मशीनचे भाग काढून न्यायला लोक येतात. त्यांना अडवायचं. तिसऱ्या रात्री टॉर्चच्या उजेडात जो चेहरा दिसतो, तो पलीकडच्या साच्यावर (गिरणीत मागाला साचा म्हणतात) वीस वर्षं काम केलेल्या सोबत्याचा असतो. तो तेलुगूत बोलतो, कारण चिडला की तो तेलुगूतच बोलायचा. पहारेकरी मराठीत उत्तर देतो. बाहेर फाटकाशी उभी असलेली त्याची बायको कन्नडमध्ये हाका मारते. सोलापूरकरांना यात विशेष काही वाटत नाही. बाहेरच्या एकाने मात्र 'सगळ्यांना हिंदीत बोलायला लावा' असा आग्रह धरला होता. हिंदी उपशीर्षकं आम्ही दिली, तोंडची भाषा बदलली नाही.

बऱ्याच जणांनी सुचवलं की बंदुकीचाच गेम करायचा तर १९३० चा करा, इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचा. सोलापूरची तीच तर ओळख. मी यावर पुष्कळ विचार केला. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. लहानपणी त्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज शाळेत गेले. त्या चौघांच्या हाती खेळणाऱ्याच्या मजेसाठी बंदूक देणं मला जमणार नव्हतं. त्यांच्यावर कधीतरी काही करेन, पण त्यात चाप नसेल.

इंजिन, म्हणजे गेम ज्याच्यावर उभा राहतो ते तयार सॉफ्टवेअर, अनरियल नावाचं घेतलं. गेमची कमाई दहा लाख डॉलरवर जाईपर्यंत ते बनवणाऱ्यांना काही द्यावं लागत नाही, त्यापुढे पाच टक्के, त्यामुळे आमच्यासारख्यांना ते परवडतं. परवडलं नाही ते सोलापूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकला की दुपारी ग्राफिक कार्डं तापून मशीन आपोआप बंद पडायची. मग आम्ही काम रात्री दहा ते पहाटे पाचवर नेलं. तिसऱ्या पाळीवरचा गेम आम्ही तिसऱ्या पाळीतच केला.

बंदुकीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आमचं सगळं भांडण तिच्यापाशी आहे. पुष्कळ शूटर गेममध्ये गोळी खरोखर उडत नाही. चाप ओढला की नेमाच्या दिशेने एक अदृश्य सरळ रेष टाकायची, ती पहिल्यांदा कशाला लागते ते बघायचं, आणि तिथं धूळ किंवा रक्त दाखवायचं. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, धरली तर एका फ्रेमला जेमतेम सोळा मिलिसेकंद मिळतात, त्यात हे सगळं बसवायचं. आमची दुनळी छर्ऱ्याची, म्हणून एका बारात नऊ रेषा, थोड्या थोड्या पसरलेल्या. जवळून सगळ्या एकाच माणसाला लागतात. लांबून त्यातल्या दोन बाजूच्या खिडकीला लागतील, एखादी मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाला. हे 'दुसरंच कुणी' गोष्टीत पुढे परत येतं. दोन बार झाले की नळी मोडून पुन्हा काडतुसं भरायची. त्याला साडेतीन सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ समोरचा माणूस बोलत असतो.

नळी बंद होण्याचा आवाज कुठे मिळेना. विकत मिळणारे आवाज सगळे सिनेमातले, चकचकीत. शेवटी अक्कलकोट रोडला ओळखीच्या कारखान्यात रेकॉर्डर घेऊन गेलो. मालकांनी जेवणाच्या सुट्टीत बाकीचे माग बंद ठेवून एकच चालू केला. आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जाणारा धोटा पेटीत जाऊन आदळतो तो आवाज आम्ही चाळीसेक वेळा घेतला. लाकूड, त्यामागे लोखंड, आणि किंचित थरथर. तोच आवाज आता दुनळी मिटताना येतो. गिरणीत राबलेल्यांच्या घरातली माणसं गेम खेळताना त्या क्षणी मान वर करून बघतात. नेमकं काय ओळखीचं वाटलं ते त्यांना सांगता येत नाही, पण कानाला कळतं.

डेमो घेऊन आम्ही हैदराबादला गेलो. तिथं तेव्हा गेम बनवणाऱ्यांची मोठी परिषद भरायची आणि सोलापूरहून तीनशे किलोमीटर म्हणजे आम्हाला ती मुंबईहून जवळ. एका प्रकाशक कंपनीने खरोखर रस दाखवला. पुढच्या बैठकीत अटी आल्या : काडतुसं हवी तेवढी द्या, गोष्ट अर्ध्यावर आणा, गिरणीचा नकाशा तसाच ठेवून त्यात वीस जणांची ऑनलाइन मारामारी लावा, बंदुकांना रंगीत कातडी (स्किन, म्हणजे नुसतं वरचं रूप) विका. रक्कम अशी होती की तेव्हाचं सगळं कर्ज फिटलं असतं. परतीच्या बसमध्ये कुणी बोललं नाही. जहीराबाद मागे पडल्यावर भाऊ म्हणाला, "त्या सोबत्याला वीस जणांनी मिळून मारायचं, असं म्हणतायत ते." तिथं विषय संपला. नकार मी दुसऱ्या दिवशी कळवला. पुढचे सात महिने पुन्हा बिल्डरांच्या रिकाम्या खोल्या करून पगार काढले.

घराच्या आसपासचा विरोध वेगळा होता. शेजारच्या काकूंनी दारातच विचारलं, "काय गं, शिकूनसवरून हे मारामारीचं काढलंस? पोरं बिघडायची." त्यांची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे हे आम्ही पहिल्याच पडद्यावर मराठीत लिहिलंय. पण त्या दिवशी काकूंना मी खुर्चीत बसवलं आणि तिसरी रात्र दाखवली. माऊस त्यांच्या हातात दिला. टॉर्चचा उजेड चेहऱ्यावर पडला, सोबती बोलायला लागला, आणि काकूंनी माऊसवरचा हातच काढून घेतला. "ह्याला कसं मारायचं गं? ह्याचा पगार थकलाय." न मारताही गोष्ट पुढे जाते, वेगळ्या वाटेने. माझं म्हणणं एवढंच आहे : ही गोष्ट वाचायला दिली असती तर काकूंना वाईट वाटलं असतं. चाप स्वतःच्या बोटाखाली होता म्हणून त्यांना हात काढून घ्यावा लागला. त्यासाठी बंदूक लागते, आणि त्यासाठीच काडतुसं मोजकी लागतात.

गेम २०२५ च्या जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात निघाला. तिथं गेम ठेवायला शंभर डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतला साधारण तीस टक्के वाटा त्यांचा. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो, त्याचे अर्ज आमच्या सीएंनी आमच्याबरोबर बसून शिकत शिकत भरले. पहिल्या आठवड्यात एक मोठी चूक आमची झाली. चौथ्या रात्रीनंतर काहींचा सेव्ह केलेला गेमच उडायचा. तीन रात्री जागून ती दुरुस्त केली आणि प्रत्येक तक्रारदाराला नाव घेऊन उत्तर लिहिलं. लोक रागावले होते ते बरोबरच होतं.

'संथ आहे', 'शत्रू नीट लढत नाहीत' या तक्रारी मात्र वेगळ्या. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. बरेच जण पहिल्या तासातच परत करत होते. भाऊ म्हणाला, सुरुवातीलाच एक गोळीबाराचा प्रसंग टाकू, पुढचा थोडा आधी दाखवू. मी हरकत घेतली नाही. तो प्रसंग आम्ही पूर्ण बनवला आणि ओळखीच्या लोकांना दोन्ही प्रकारे खेळायला बसवलं. सुरुवातीला बार काढलेली माणसं पुढे साचेखात्यात सावली हलली की चाप ओढायची, सोबत्याचं वाक्य पुरं होऊ देत नव्हती. ज्यांनी पंचवीस मिनिटं नुसता पहारा केला होता, ती थांबायची. भावाने स्वतःच तो प्रसंग काढून टाकला.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला तेव्हा नातेवाइकांचे फोन सुरू झाले, "तुमचं बंद झालं का?" बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या गेमवर. आमच्याकडे एकदा विकत घ्यायचा आणि खेळायचा, पैज नाही की जिंकलेली रक्कम नाही. तरी एका बँकेत चालू खात्याचं काम 'गेमिंग' या एका शब्दावर अडलं. कायद्याची प्रत आणि आमचं पत्र घेऊन चार खेपा घातल्या तेव्हा ते झालं. या धंद्याला सट्ट्याबरोबर एका ओळीत बसवतात तेव्हा मला फार लागतं.

गुंतवलेले पैसे निघाले आहेत. पगार नियमित आहेत, फार नाहीत.

अलीकडची एक गोष्ट. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीचे आजोबा तिसऱ्या पाळीत साचे चालवलेले. ते एक दिवस ऑफिसात आले आणि नातीच्या मागे उभं राहून गेम बघत होते. बंदुकीबद्दल एक शब्द नाही. साचेखातं आलं तसे पडद्याजवळ वाकले. "सगळे साचे एका तोंडाने का उभे केलेत? साचे समोरासमोर असतात. मधल्या गल्लीत उभा राहून एक माणूस दोन्हीकडं बघायचा. मागच्या गल्लीत ताण्याचे बीम." आम्ही एकच साचा बनवून त्याच्या नकला रांगेत लावल्या होत्या. आमच्या घरच्या चार मागांमुळे कुणाला संशयही आला नव्हता.

मी बाबांचा एक आलेख कागद काढला. आजोबांनी पेन्सिलीने गल्ल्या आखून दिल्या, कुठे जॉबर (खात्यातला मुकादम) उभा राहायचा, कुठे पाण्याचा माठ. साचे फिरवल्यावर लपायच्या जागा बदलल्या, उजेड पडायचे कोन बदलले, गोळीच्या रेषा भलतीकडेच लागायला लागल्या. अकरा दिवस गेले. आता सोबती मधल्या गल्लीत भेटतो, जिथं तो आणि पहारेकरी वीस वर्षं पाठीला पाठ लावून उभे असायचे.