डीएलएसमध्ये साइजच्या आधी ग्राफ बघा

लॅबमध्ये नवीन आलेल्या पोरांना डीएलएसचं (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून द्रवातल्या नॅनोकणांची साइज काढणारं) मशीन लगेच आवडतं, कारण क्युव्हेटमध्ये, म्हणजे छोट्या पारदर्शक नळीत, मिलीभर सॅम्पल टाकायचं, झाकण लावायचं, स्टार्ट दाबायचं आणि दोन-चार मिनिटांत साइज स्क्रीनवर. मला काळजी वाटते ती याचीच, कारण सॅम्पल चांगलं असो की बिघडलेलं, आकडा बहुतेक वेळा येतोच आणि मग तोच थेट थिसिसमध्ये जातो.

मुळात हे मशीन कणाचा आकार बघतच नाही, ते त्याची हालचाल बघतं. पाण्याचे रेणू चारी बाजूंनी ढकलत असतात म्हणून बारीक कण सतत थरथरत राहतो, 1827 मध्ये रॉबर्ट ब्राउनने मायक्रोस्कोपखाली पाहिली तीच ही ब्राउनियन मोशन. लेझर टाकला की सगळ्या कणांवरून विखुरलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि कण हलतायत म्हणून डिटेक्टरवरचा उजेड कमीजास्त होत राहतो. लहान कण झटपट सरकतात तर उजेड भराभर बदलतो, मोठे कण रेंगाळतात तर सावकाश. त्या वेगावरून डिफ्युजन कळतं आणि पुढे आइनस्टाइनच्या 1905 च्या कामातून आलेलं समीकरण वापरून साइज निघते. 100 नॅनोमीटरचा कण 25 डिग्रीच्या पाण्यात एका मिलिसेकंदात साधारण स्वतःच्या साइजएवढा सरकतो! मला हे अजूनही भारी वाटतं.

आता खरी गोची. इतक्या लहान कणांवरून विखुरणारा प्रकाश साइजच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे 10 नॅनोमीटरच्या कणापेक्षा 100 नॅनोमीटरचा कण साधारण दहा लाख पट जास्त चमकतो. त्यामुळे तुमचं सॅम्पल कितीही सुंदर बनलेलं असू दे, त्यात धुळीचे दोन-चार कण किंवा थोडे गुठळी झालेले कण असले तर लग्नाच्या वरातीत डीजेसमोर गप्पा मारल्यासारखं होतं, बाकी काही ऐकूच येत नाही.

म्हणून साइज वाचायच्या आधी कोरिलेशनचा ग्राफ उघडा, म्हणजे आत्ताचा उजेड आणि थोड्या वेळानंतरचा उजेड किती मिळताजुळता राहतो ते दाखवणारा ग्राफ. चांगल्या सॅम्पलची रेघ सुरुवातीला वर सपाट असते, मग एका दमात खाली येते आणि शून्याशी शांत पडून राहते. शेवटी शेपटाला कुबड दिसलं, रेघ खाली यायला तयारच नाही किंवा तीन रीडिंगच्या तीन रेघा तीन दिशांना गेल्या, तर समजा धूळ आहे किंवा कण एकत्र यायला लागलेत. अशा वेळी पीडीआय (पॉलिडिस्पर्सिटी इंडेक्स, कणांच्या साइजमध्ये किती फरक आहे त्याचा आकडा) पण बघा, 0.5 च्या वर गेला असेल तर सरासरी साइजला फारसा अर्थ उरत नाही.

बाकी सगळी मेहनत स्वच्छतेची. डायल्युट करायचं पाणी किंवा बफर 0.2 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढा आणि पहिले काही थेंब टाकून द्या, क्युव्हेट वरच्या कडेलाच धरा म्हणजे बोटांचे ठसे लेझरच्या वाटेत येत नाहीत, मग उजेडासमोर धरून भिंतीला बुडबुडा चिकटलाय का बघा. फ्रिजमधून काढलेलं सॅम्पल तसंच लावू नका, 5 डिग्रीचं पाणी 25 डिग्रीच्या पाण्यापेक्षा साधारण 1.7 पट चिकट असतं, कण हळू हलतात आणि मशीन 25 धरून बसलं असेल तर साइज फुगलेली दिसते.

आणि टीईएमशी (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशी) आकडा जुळला नाही म्हणून लगेच घाबरू नका. टीईएममध्ये कोरडा कण दिसतो, डीएलएसमध्ये त्याच्यावरचं पॉलिमरचं आवरण आणि सोबत ओढलं जाणारं पाणी पण मोजलं जातं, त्यामुळे डीएलएसची साइज थोडी मोठी येणं नॉर्मल आहे. फक्त रिपोर्टमध्ये ही हायड्रोडायनॅमिक साइज आहे हे स्पष्ट लिहा, सोबत तापमान, कशात डायल्युट केलं ते आणि पीडीआय द्या, आणि तो कोरिलेशनचा ग्राफ सप्लिमेंटरीमध्ये तरी नक्की टाका.