एलजेवरून जाताना

लहानपणी मला वाटायचं एलजे म्हणजे कुणीतरी इंग्रज साहेब असणार, मिशावाला, घोड्यावर बसलेला. आमच्याकडे कुणी लेडी जमशेटजी रोड म्हणतच नाही, टॅक्सीवाला, कंडक्टर, भाजीवाली सगळे एलजेच. बरीच वर्षं झाल्यावर कळलं की तो साहेब नव्हताच, बाई होती! आणि बाईचं नाव रस्त्यात कुठेच नाही, लेडी ही पदवी आणि जमशेटजी हा नवरा. तिचं स्वतःचं नाव आवाबाई.

नवरा म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय, जेजे हॉस्पिटल आणि जेजे स्कूल ऑफ आर्टवाले. चीनशी अफू आणि कापसाचा व्यापार करून अफाट पैसा केला, त्याआधी बाटल्यांचा धंदा होता म्हणून लोक त्यांना बाटलीवाला म्हणायचे. मुंबईने नवऱ्याचं जेजे केलं आणि बायकोचं एलजे, म्हणजे संसार सगळा मिळून चार इंग्रजी अक्षरांत आटपला.

तर रस्ता. दादरला शिवसेना भवनाच्या चौकातून निघायचं, शिवाजी पार्क डावीकडे राहतं, मग सिटीलाइटचं मार्केट, तिथे आई अर्धा तास एका पापलेटवरून घासाघीस करायची आणि मी पिशवी धरून कोळणीचं बोलणं ऐकत उभा, तसलं मराठी शाळेत कोण शिकवणार. पुढे शितळादेवीचं मंदिर, म्हणजे देवी या आजाराची देवी, लसबिस नव्हती तेव्हा लोकांनी हिलाच साकडं घातलं असणार. आता तिच्या नावाचं मेट्रो स्टेशन पण झालंय, २०२५ मध्ये सुरू झालं, त्याआधी किती वर्षं रस्ता खणलेला होता ते विचारूच नका, पत्र्यांच्या मधून चालताना समोरचा माणूस आला की दोघंही भिंतीला पाठ लावायचो. शेवटी माहीमचं सेंट मायकल चर्च. बुधवारी तिथे नोव्हेनाला, म्हणजे खास प्रार्थनेला, एवढी गर्दी, हिंदू, ख्रिश्चन सगळे हातात हार आणि मेणबत्त्या घेऊन, की आमच्या घरी बुधवारी वांद्र्याला जायचं असलं तर कुणीतरी हमखास म्हणणारच, अगं आज बुधवार आहे, लवकर निघा.

आणि चर्चनंतर खरी गंमत, माहीम कॉजवे. पूर्वी इथे खाडी, पलीकडे साष्टी बेट, जायचं तर होडीने, आणि पावसाळ्यात होडी म्हणजे जीव मुठीत. कॉजवे, म्हणजे खाडीवरून जाणारा रस्ता, बांधायला सरकार पैसे काढेना, तेव्हा आवाबाईंनी दिले, १,५७,००० रुपये, १८४५च्या सुमाराची गोष्ट आहे ही! अट एवढीच, की जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. आज कॉजवेवरून डावीकडे बघितलं की सी लिंक दिसतो, २००९चा, ५.६ किलोमीटर, आणि त्याला टोल आहे. मी दरवेळी बघतो आणि दरवेळी मनात हिशोब करतो, मग मिठी नदीचा वास येतो आणि अख्खी बस एकदम खिडक्या बंद करते.

मागच्या आठवड्यात आत्याकडून परत येताना वांद्र्याला रिक्षा केली, फणसाची पिशवी होती बरोबर, वजन सांगत नाही. रिक्षावाल्याने कॉजवेच्या अलीकडेच सोडलं, पुढे माहीमला रिक्षेला परवानगी नाही. म्हटलं, अरे दादा पूल फुकट आहे रे. तो म्हणाला, पूल फुकट असेल साहेब, दंड फुकट नाही. मग फणस खांद्यावर घेऊन बसस्टॉप शोधत निघालो.