वखारींच्या वाटेने: हांबुर्गमधील पायी भ्रमंतीचा माझा अनुभव

कार्यालयीन कामासाठी जर्मनीतील हांबुर्गला गेले असताना परतीच्या आधीचा एक पूर्ण शनिवार माझ्या हाती होता. मार्गदर्शक सोबत घेऊन काढलेल्या सहलीत आपली पावले दुसऱ्याच्या घड्याळाने चालतात, म्हणून मी एकटीनेच पायी फिरायचे ठरवले. माझे वडील पस्तीस वर्षे मशीद बंदरच्या मसाल्याच्या एका वखारीत हिशेबनीस होते. त्यामुळे या बंदराच्या शहरात काय पाहायचे, हा प्रश्न मला फारसा पडला नाही. जहाजातून उतरलेला माल कुठे साठवला जात होता, तो कोण वाहून नेत होते आणि त्याचा पैसा शेवटी कोणत्या इमारतीत पोहोचत होता, एवढेच मला पायांनी शोधायचे होते.

आदल्या रात्री कागदी नकाशावर पेन्सिलीने वाट आखली. मुख्य रेल्वे स्थानकापासून वखारींच्या भागात, तिथून एल्बे नदीच्या काठाने धक्क्यापर्यंत, आणि मग जुन्या गावातून नगरभवनापर्यंत असा साधारण आठ किलोमीटरचा तो फेरा होता. एक गोष्ट मात्र पाहायची राहिली, ती म्हणजे भरती-ओहोटीचे वेळापत्रक. हे शहर समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे, त्यामुळे इथवर भरती येत असेल असे मला वाटलेच नव्हते.

सकाळी नऊच्या सुमारास चिलेहाउसपाशी पोहोचले. 1922 ते 1924 या काळात फ्रिट्झ ह्योगर या वास्तुविशारदाने बांधलेली ही इमारत चिलीमधून सोरा आणून श्रीमंत झालेल्या एका व्यापाऱ्याची होती. तिचा पूर्वेकडचा कोपरा जहाजाच्या नाळीसारखा निमुळता होत गेला आहे आणि सगळी छायाचित्रे त्याचीच असतात. मी मात्र भिंतीजवळ बराच वेळ उभी राहिले. जवळून पाहिल्यावर त्या सुमारे 48 लाख विटांपैकी दोन शेजारच्या विटासुद्धा एका रंगाच्या दिसत नाहीत. कुणी जांभळट, कुणी काळपट, तर कुणी भट्टीत जास्त भाजून किंचित वाकडी झालेली. दुरून एकसंध वाटणारी भिंत हात फिरवला की खडबडीत लागते.

तिथून कालव्यावरचा पूल ओलांडला की श्पायशरश्टाट लागते. या नावाचा सरळ अर्थ ‘वखारींचे शहर’ असा आहे. 1883 पासून टप्प्याटप्प्याने बांधलेल्या या लाल विटांच्या पाच-सहा मजली वखारी ओकच्या लाकडी खांबांवर उभ्या आहेत. प्रत्येक वखारीची एक बाजू रस्त्याला आणि दुसरी पाण्याला लागलेली आहे, म्हणजे एका अंगाने होडी आणि दुसऱ्या अंगाने गाडी. हांबुर्ग 1888 मध्ये जर्मन जकात संघात सामील झाले तेव्हा त्याने एवढा भाग जकातमुक्त ठेवून घेतला, आणि त्यामुळे कॉफी, चहा, कोको व मसाले जकात न भरता इथे साठवता, निवडता आणि पुन्हा बाहेर पाठवता येऊ लागले. मात्र ही जागा मोकळी नव्हती. या बेटांवर राहणाऱ्या सुमारे 20,000 लोकांची घरे त्यासाठी पाडण्यात आली. 2015 मध्ये चिलेहाउसच्या परिसरासह या भागाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या वारशाची किंमत आधी कुणी मोजली होती, हे तिथे फिरणाऱ्याने जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

पोगेनम्यूलेन पुलावरून दोन कालव्यांच्या मधोमध पाण्यात उभी असलेली वाड्यासारखी इमारत दिसते. वखारींच्या याऱ्या सांभाळणारे कामगार पूर्वी तिथे राहत. या दृश्यासाठीच मी तिथे गेले होते, पण त्या वेळी पूर्ण ओहोटी होती. कालव्यात पाण्याऐवजी चिखल चकाकत होता आणि भिंतींवर माझ्या उंचीच्या दुपटीएवढा हिरवट-काळा ओला पट्टा दिसत होता. आधी वाईट वाटले. मग लक्षात आले की पाणी इथे दिवसातून दोनदा साडेतीन मीटरहून अधिक चढते-उतरते, आणि त्या पट्ट्यामुळेच मला ते मोजता आले. माल भरलेल्या होड्यांना भरतीची वाट पाहूनच आत यावे लागत असणार.

जवळच्या वखार-संग्रहालयात मी ठरवल्यापेक्षा बराच अधिक वेळ थांबले. इथला माल सांभाळणाऱ्यांना ‘क्वार्टियर्सलॉयटे’ म्हणत. मुळात चौघांनी भागीदारीत काम घ्यायचे अशी ती पद्धत होती. माल उतरवून घेणे, तोलणे, नमुने काढणे, ओल लागली का ते पाहणे, ही सगळी जबाबदारी त्यांची असे. मशीद बंदरला टोळी आणि तिचा मुकादम यांच्या भोवती फिरणारे काम लहानपणी पाहिलेले असल्याने मला ते लगेच समजले. पोत्यात खुपसून नमुना काढायच्या टोकदार पोकळ नळीचे छायाचित्र मी बाबांना पाठवले, आणि पाचच मिनिटांत त्यांचा फोन आला.

“अगं, नळी राहू दे, आधी वरच्या कप्पीचा फोटो पाठव,” ते म्हणाले. “आणि पाणी कुठवर चढतं तिथे? तळमजल्यावर माल ठेवत नसतील.”

त्यांचा अंदाज बरोबर होता. हा भाग शहराच्या मुख्य पूरबांधाच्या बाहेर आहे, त्यामुळे वादळी भरतीत तळमजल्यापर्यंत पाणी येते. फेब्रुवारी 1962 च्या पुरात बांध फुटून हांबुर्गमध्ये 315 माणसे गेली. म्हणूनच शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतीतील इमारती समुद्रसपाटीपासून सुमारे आठ मीटर उंच भरावावर बांधल्या आहेत. बाहेर आल्यावर मी मान वर करून प्रत्येक छपराखालची कप्पी पाहत चालले आणि बाबांना एकूण अकरा छायाचित्रे पाठवली.

कोर्नहाउस पुलावर एका बाजूला कोलंबसाचा आणि दुसऱ्या बाजूला वास्को द गामाचा पुतळा आहे. हांबुर्गच्या श्रीमंत व्यापाऱ्यांना लोक ‘मिरीची पोती’ म्हणून हिणवत असत, आणि ती मिरी ज्या सागरी वाटेने युरोपात येऊ लागली ती दाखवणारा माणूस पुलाच्या तोंडाशी उभा आहे. कालिकतच्या किनाऱ्यावर त्याने काय केले ते आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे मी तिथे फार वेळ थांबले नाही.

एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह 11 जानेवारी 2017 रोजी खुले झाले. कोको, चहा आणि तंबाखू साठवलेल्या जुन्या वखारीवर काचेची उंच लाट ठेवावी तसे ते दिसते. 37 मीटर उंचीवरच्या गच्चीवर जाण्यासाठी ठरावीक वेळेचे तिकीट लागते, ते आधी काढून ठेवावे. मी काढले नव्हते, त्यामुळे तासभर थांबावे लागले. वर वारा इतका होता की नकाशा उघडता आला नाही.

तिथून नदीकाठाने लांडुंग्सब्रुकेनच्या तरंगत्या धक्क्यावर गेले. दिवसभरातील सर्वांत मोलाचे ठिकाण मला इथे मिळाले, ते म्हणजे 1911 मध्ये खुला झालेला एल्बेखालचा जुना बोगदा. पलीकडच्या जहाजबांधणीच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांसाठी तो खणला होता. पाण्याचा दाब रोखण्यासाठी दाबलेल्या हवेत काम करावे लागल्याने खणणाऱ्यांपैकी अनेकांना त्या हवेचाच विकार जडला. पायी जाणाऱ्यांना पैसे पडत नाहीत. उद्वाहनाने 24 मीटर खाली उतरले आणि 426 मीटर लांबीच्या त्या फरशीबंद नळीतून चालू लागले. भिंतीवर ठरावीक अंतराने चकचकीत मातीच्या उठावदार चित्रांत नदीतले मासे आणि खेकडे कोरले आहेत. एका माशाच्या पाठीवर मी बोट ठेवले. खवले वेगवेगळे हाताला लागत होते आणि ते बर्फासारखे गार होते. रोज भल्या पहाटे कामाला जाणाऱ्या माणसांसाठी कुणीतरी एवढ्या निगुतीने मासे घडवले, हे पाहून मला गहिवरून आले. पलीकडे श्टाइनवेर्डरच्या काठावरून सगळे शहर एका नजरेत दिसते. मी सोबतचा डबा तिथेच बसून खाल्ला.

परत आल्यावर सेंट मिखाएलिस चर्चच्या साडेचारशेहून अधिक पायऱ्या चढण्याचा बेत सोडून दिला आणि चार वाजता डाइशश्ट्रासे गाठले. 5 मे 1842 च्या पहाटे याच गल्लीत आग लागली. ती चार दिवस जळत राहिली, तिने सुमारे 20,000 लोकांना बेघर केले, आणि तिला अडवण्यासाठी जुने नगरभवनही सुरुंगाने उडवावे लागले. गल्लीच्या मागच्या पुलावर गेले तेव्हा भरती आलेली होती. सकाळी ज्यासाठी हळहळले होते ते पाणी इथे घरांच्या भिंतींना काठोकाठ लागले होते.

थोड्याच अंतरावर सेंट निकोलाय चर्चचा 147 मीटर उंच एकाकी मनोरा आहे. 1874 मध्ये तो जगातील सर्वांत उंच इमारत ठरला होता. जुलै 1943 मध्ये विमानांनी या शहरावर आगीचा वर्षाव केला तेव्हा वैमानिक खुणेसाठी हाच मनोरा शोधत. त्या हल्ल्यांत 30,000 हून अधिक माणसे मेली. चर्चचा उरलेला भाग पुन्हा बांधलेला नाही. तिथे मी छायाचित्र काढले नाही.

शेवटी 1897 मध्ये पुरे झालेले नगरभवन आले. त्याची मागची बाजू शेअर बाजाराच्या इमारतीला जोडलेली आहे, तेव्हा मालाच्या पैशाचा माग तिथे लागला. या दोन इमारतींमधल्या चौकात आरोग्यदेवता हिगिएयाचे कारंजे आहे आणि तिच्या पायाखाली एक राक्षसी प्राणी दबलेला आहे. 1892 मध्ये एल्बेचे न गाळलेले पाणी नळाने घरोघर पोहोचले आणि पटकीने 8,600 हून अधिक माणसे गेली. शेजारच्या आल्टोना गावात पाणी वाळूतून गाळून देत असत, तिथे साथ फारशी पसरली नाही. हे कारंजे त्याची आठवण आहे. मी त्याच्या कठड्यावर बसले, बूट सैल केले आणि सकाळी खोलीतल्या नळावर भरून घेतलेली बाटली उघडून उरलेले पाणी प्यायले.